शून्याच्या बांधावरचा पतंग

मी जे सांगतो त्यातलं निम्मं खरं धरायचं, हा आमच्या घरातला लग्नापासूनचा नियम आहे. बायकोनं तो माहेरच्यांनाही सांगून ठेवलाय. गंगापूर रोडला दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकलो असं मी फोनवर म्हणालो, की ती तासाभराच्या अंदाजानं भात लावते, आणि भात होईस्तोवर मी खरंच दारात असतो. वाचणाऱ्यानंही पुढचं आपापल्या सोयीनं कापून घ्यावं. त्यात एक दुपार आहे, तिला मात्र हात लावू नये. ती आली की मी सांगेन.

तीस वर्षं मी अकरावी-बारावीला गणित शिकवतोय. आवाज असा की पलीकडच्या इमारतीत कॉमर्सची मुलं फुकटात लिमिट शिकून गेली. वर्ग शंभराचा, तास जेवणानंतरचा, आणि डबा खाऊन आलेली शंभर पोरं म्हणजे शंभर उशा. त्यांना जागं ठेवण्यासाठी मी काय काय केलं ते लिहायला लागलो तर संस्था माझं पेन्शन अडवेल.

दरवर्षी फलं शिकवताना वन अपॉन एक्स येतो. तसा गरीब धडा आहे. एकाला एक्सनं भागायचं, एवढंच. एक्स चार तर पाव, दोन तर अर्धा, एक तर एक. मग एक्सला लहान करत न्यायचं. अर्धा केला तर उत्तर दोन, पाव केला तर चार, एक दशांश केला तर दहा, एक शतांश केला तर शंभर. रेघ उजवीकडून येते आणि शून्याजवळ सरळ आभाळात चढते. एक्स ऋण घेतला की हेच सगळं उलटं होतं, डावीकडची रेघ शून्याजवळ पाताळात जाते. आणि बरोबर शून्यावर काहीच नाही. तिथं फलाला किंमत नाही, म्हणून दोन्ही रेघा जोडायच्या नाहीत. एवढं सांगून मी खडू खाली ठेवला असता, तर आज हे लिहीत बसलो नसतो.

पण मी मामा आणले.

मामांचा मळा मखमलाबादकडे. शेजारी दुसऱ्याचा मळा, मध्ये बांध. मामांचा मळा धन, शेजाऱ्याचा ऋण, आणि बांध म्हणजे शून्य. संक्रांतीला मामांनी पतंग चढवला आणि मांजाची आसारी धरून बांधाकडे चालू लागले. बांधापासूनचं अंतर निम्मं झालं की पतंगाची उंची दुप्पट. बांध हातभर राहिला तेव्हा पतंग चांदवडच्या लोकांना दिसत होता. वीतभर राहिला तेव्हा घोटीच्या भातखाचरांवर त्याची सावली पडली. बोटभर राहिला तेव्हा विमानवाल्यांनी हॉर्न दिले. मामांनी बांधावर पाय ठेवला आणि पतंग दिसेनासा झाला. आसारीवरचा मांजा मात्र सुटतच राहिला. तीन दिवस मामा तिथंच उभे, जेवण बांधावर. चौथ्या दिवशी पलीकडच्या मळ्यातल्या विहिरीतून तोच पतंग वर आला. ओला.

सांगताना मी खडूची रेघ फळ्याच्या वरच्या कडेबाहेर न्यायचो, भिंतीवरून वळवायचो आणि खालच्या कोपऱ्यातून पुन्हा फळ्यावर आणायचो. टाळ्या पडायच्या. मागचे बाक उठून उभे राहायचे. मग मी म्हणायचो, "म्हणजे शून्याला काय होतं? अनंताला भेटून रेघ परत येते." हे चूक आहे हे मला ठाऊक होतं. पण टाळी ही वाईट सवय आहे.

परीक्षेत पाच-सात जण दोन्ही रेघा जोडून ठेवायचे. ज्या रेघेवर मी टाळ्या घेतल्या, तिच्यावरच लाल पेन मारायचो. कोणी विचारायला आलंच तर, "अरे, गंमत कुठली आणि गणित कुठलं, एवढं कळायला नको?" असं वर त्यालाच सुनवायचो.

पंधराएक वर्षांपूर्वी एक मुलगी होती, कळवणकडची, इथं हॉस्टेलला राहायची. तिनं रेघ कधी जोडली नाही. मामांच्या तासानंतर ती टेबलापाशी आली आणि म्हणाली, "सर, मामांचा पाय बांधावर होता त्या वेळेला पतंग किती उंचीवर होता?"

"ते मामांनाच ठाऊक," मी म्हणालो, "आणि मामा आता नाहीत."

मामा कधीच नव्हते. ती हसली, वही मिटली आणि गेली. तो प्रश्न इतका नेमका होता की पुढं दोन वर्षं मी स्टाफरूममध्ये तो माझाच म्हणून सांगितला.

गेल्या वर्षी आमच्याकडे गणिताची एक जागा निघाली. आमच्या संस्थेची पद्धत अशी, की उमेदवारानं आपल्या आवडीचा विषय घेऊन पंधरा मिनिटं खऱ्याखुऱ्या मुलांना शिकवायचं. समोर तिघांची समिती बसते, प्राचार्य, बाहेरगावचे एक विषयतज्ज्ञ आणि विभागाचा म्हणून मी. यादी हातात आली तेव्हा तिचं नाव दिसलं. पुढं विषय होता वन अपॉन एक्सचा आलेख, शून्याजवळचं वर्तन. माझी छाती इतकी फुगली की बुशशर्टाचं बटण उडून प्राचार्यांच्या चहात पडलं. बरं, पडलं नाही. पण सैल झालं.

आता ती दुपार. इथून पुढं कापू नका.

समितीतल्या माणसानं आधी उमेदवाराशी बोलायचं नसतं. मी बाहेर जाऊन बोललो. ती पाण्याच्या कूलरपाशी उभी होती, खांद्याला कापडी पिशवी. मला पाहून वाकून नमस्कार केला.

"सर, तुम्ही आहात आत? मला माहीत नव्हतं."

"मग कोण असणार? सध्या कुठं आहेस?"

"कळवणलाच, तासिकेवर. हे आणि मुलगी इथं नाशिकला. ती दुसरीत आहे. मी शनिवारी येते, रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत जाते." मग खांद्यावरची पिशवी सावरत म्हणाली, "हे जमलं तर रोज घरी जाता येईल."

"जमणार. वन अपॉन एक्स घेतलंयस. मग मामा येणार ना आज?"

ती हसली. "सर, मी जरा वेगळं बसवलंय."

"वेगळं ठेव जागा मिळाल्यावर. पंधरा मिनिटांत पोरं जागी ठेवायची तर मामाशिवाय इलाज नाही."

"पण सर, बांधावर काय होतं ते..."

"अगं, मी आत बसलोय. घाबरतेस कशाला?"

हे माझे शब्द. मी आत बसलोय.

तिनं मामा आणले. खरं सांगतो, माझ्यापेक्षा चांगले आणले. ती आरडाओरडा करत नव्हती, हळू आवाजात सांगत होती, त्यामुळे मुलं पुढं वाकून ऐकत होती. ओल्या पतंगाला प्राचार्यही हसले. तिनं माझ्यासारखीच रेघ फळ्याबाहेर नेली आणि खालून परत आणली, फक्त भिंतीवर खडू लावला नाही. मी मान डोलावत बसलो होतो, लग्नात वधूपिता बसतो तसा.

तज्ज्ञ हसले नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, म्हणजे शून्याला या फलाची किंमत काय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "इन्फिनिटी, सर."

"धन की ऋण?"

"उजवीकडून धन. डावीकडून ऋण."

"मग एका ठिकाणी दोन किमती? तुम्ही तर दोन्ही टोकं जोडलीत."

"हो, सर."

"हे कुठं शिकलात?"

तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. माझ्यासमोर गुणांचा तक्ता होता. 'फळ्याचा वापर' या रकान्यात मी आकडा लिहायला घेतला. तिथं आकडा आधीच होता, मीच लिहिलेला, आठ. त्या आठावर मी पुन्हा आठ काढला. मग परत काढला. माझ्या हातात त्या क्षणी दोन शब्द होते, 'माझ्याकडून शिकली', आणि ते म्हणायला श्वाससुद्धा लागला नसता. ज्या गळ्यातून शेजारच्या इमारतीपर्यंत आवाज जातो, त्यातून ते निघाले नाहीत.

"माझंच आहे, सर," ती म्हणाली. "मुलांच्या लक्षात राहावं म्हणून."

तज्ज्ञ मुलांकडे वळले. "मुलांनो, हे वहीत लिहू नका."

मुलांनी पेनं खाली ठेवली. ती माझ्याच वर्गातली मुलं होती. त्यातल्या दोघांनी माझ्याकडे वळून पाहिलं, कारण दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या वहीत हे मी लिहून दिलं होतं. पण ती मुलंही गप्प बसली. तेवढं त्यांना माझ्याकडून शिकायला मिळालं.

ती फळा पुसून गेली. स्वतः पुसला, डस्टर जागेवर ठेवलं. शिपाईमामा चहा घेऊन आले. प्राचार्य म्हणाले, "गोष्ट रंगवली हो बाईंनी. पण पायाच कच्चा. तुमची विद्यार्थिनी ना, सर?"

"होती," मी म्हणालो. "हुशार होती तेव्हा."

ते 'तेव्हा' मी कशाला जोडलं, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. गप्प बसणं भीतीनं झालं, असं म्हणता येईल. ते 'तेव्हा' भीतीनं झालेलं नाही.

जागा दुसऱ्या उमेदवाराला गेली. त्यानं चांगलं शिकवलं होतं, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दुपार संपली. आता पुन्हा कापायला हरकत नाही, पण पुढंही फारसं वाढवलेलं नाहीये. त्या दिवसापासून वाढवायची हातोटीच जरा गेली. मामा मेले. वर्गात फलं आली तेव्हा मी कोरडं शिकवलं, आणि पोरं इतकी गाढ झोपली की घंटा झाल्यावर दोघांना हलवून उठवावं लागलं.

काही आठवड्यांनी जेवताना बायकोला सांगितलं. सगळं सांगितलं, आठावरचा आठही. तिनं सवयीनं विचारलं, "यातलं निम्मं किती?"

"निम्मं नाही. सगळं आहे."

तिनं माझ्या ताटात वाढायला घेतलेली पोळी परत डब्यात ठेवली. "मग मला काय सांगताय? कळवणला गाडी जात नाही का?"

जाते. सीबीएस स्टँडवरून मी गाडी धरली. खिडकीशी बसून माफीचं भाषण तयार केलं. दिंडोरीपर्यंत ते इतकं भव्य झालं होतं की त्यात तीन सुभाषितं आणि माझे मिटलेले डोळे होते. वणीला एक म्हातारी शेजारी बसली, मांडीवर मेथीच्या जुड्या. म्हणाली, "गुर्जी, सरका की जरा." मी गुरुजी आहे हे तिनं कशावरून ओळखलं, देव जाणे. मी सरकलो आणि भाषणातली सुभाषितं कुठंतरी गळून पडली. कळवणला उतरलो तेव्हा एकच वाक्य उरलं होतं, आणि तेही धड नव्हतं.

तिचा तास चालू होता. मला दारात पाहून ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "सर, बसा ना मागं. पंधरा मिनिटंच राहिलीत." मी शेवटच्या बाकावर बसलो. गुडघे मावेनात.

टेबलावर पाण्याचा हंडा होता आणि तिच्या हातात स्टीलची वाटी.

"हंडा एक," ती म्हणाली. "अर्ध्या हंड्याची वाटी असेल तर किती वाट्यांत भरेल?"

"दोन."

"दहाव्या हिश्श्याची?"

"दहा."

"शंभराव्या?"

"शंभर, मॅडम. हात भरून येतील." मुलं हसली.

"येऊ देत. वाटी लहान होतेय, आकडा वाढतोय. आता वाटी शून्य मापाची. किती वाट्या?"

"लय," एकजण म्हणाला.

"लय म्हणजे किती? लाख? घाल लाख वाट्या. भरला?"

"नाय."

"कोटी घाल."

खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, वाटीत काहीच मावत नाय, तर हंडा कधीच नाय भरणार. किती वाट्या विचारायलाच नको."

"हं. तो प्रश्नच विचारता येत नाही. म्हणून इथं मोठा आकडा लिहायचा नाही. काहीच लिहायचं नाही." तिनं फळ्यावर शून्यापाशी उभी तुटक रेघ मारली. मग मुलांना कॅल्क्युलेटरवर एकाला ऋण एक शतांशानं भागायला लावलं. उणे शंभर आलं. "उजवीकडून शून्याजवळ आलात तर शंभर वर, डावीकडून आलात तर शंभर खाली. एक्स शून्याच्या जितका जवळ येईल, तितकी ही दोन टोकं लांब जातील. जोडायला जाऊ नका."

माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलानं दोन्ही रेघा काढल्या आणि मध्ये जागा सोडली. तीस वर्षांत माझ्या वर्गात इतकं चोख काम झालेलं मी पाहिलं नव्हतं. आणि मी टाळी न पडलेल्या तासाला कधी चांगला तास म्हटलं नव्हतं.

स्टाफरूममध्ये तिनं चहा मागवला. मी विचारलं, "ही वाटी तेव्हा होती?"

"पिशवीत होती."

"मग काढली का नाहीस?"

"तुम्ही मामा म्हणालात."

"ते चूक आहे हे तुला माहीत होतं?"

"अकरावीतच माहीत होतं, सर. मी विचारलं होतं ना तुम्हाला, पतंग किती उंचीवर होता."

"तज्ज्ञांना माझं नाव सांगायचंस."

"तुम्ही समोर बसलेले. तुमच्या वर्गातली मुलं बसलेली." तिनं बशीत चहा ओतला. "त्यांच्यासमोर तुम्हाला कसं खोटं पाडू?"

"मी बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. तेवढंच. मी वाट पाहत होतो की ती 'जाऊ द्या सर' म्हणेल. ती म्हणाली नाही.

"शिव्या तरी दे मला."

"दिल्या. सीबीएसपासून दिंडोरीपर्यंत दिल्या, मग झोप लागली." ती थोडी हसली. "मुलगी विचारते, आई परीक्षेत नापास झाली का. मी हो म्हणते. तिला बरं वाटतं, तिचंही मराठीचं शुद्धलेखन कच्चं आहे."

तेव्हा मला माझं ते एक वाक्य म्हणायचं होतं. म्हणालो, "माझं चुकलं." मग लगेच, सवयच ती, पुढचं जोडलं, "पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. माझीच जागा निघेल. विभागाचा माणूस म्हणून समितीवर मीच असणार. या वेळी मी बघतो."

तिनं कप खाली ठेवला. "सर, तुम्ही नका बघू."

"अगं, मी आता..."

"मी अर्ज करीन. तुम्ही फक्त तिथं बसू नका."

परतीच्या गाडीत मी काही तयार केलं नाही.

या महिन्यात समितीचं पत्र आलं. नकार द्यायचा तर कारण लिहून द्यावं लागतं. पहिल्यांदा मी पाठीचं दुखणं लिहिलं, मणक्यांच्या आकड्यांसह. दुसऱ्यांदा भाचीचं लग्न. दोन्ही कागद इतके छान जमले होते की फाडताना जीव तुटला. तिसऱ्या कागदावर लिहिलं, की गेल्या वेळच्या एका उमेदवारानं शून्यापाशी जी चूक शिकवली ती माझी होती, ती मी तिला आयत्या वेळी शिकवायला लावली, आणि विचारल्यावर गप्प बसलो, म्हणून मला या समितीवर घेऊ नये.

प्राचार्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं. मग बसून वाचलं. म्हणाले, "हे फाइलला लावावं लागेल, सर. निवृत्तीच्या तोंडावर कशाला?"

"लावा."

"तज्ज्ञ तेच येणार आहेत. त्यांनाही दाखवावं लागेल."

"दाखवा."

त्यांनी कागदावर आवक क्रमांक टाकला आणि मला निरोपाचा चहासुद्धा विचारला नाही, हे बरंच झालं.

अर्जांची यादी कचेरीत टेबलावर पडलेली असते. मी त्या टेबलाकडे जात नाही. तिनं अर्ज केला असेल, किंवा नसेलही. केला असेल तर त्या दिवशी ती आमच्या व्हरांड्यात उभी असेल. तिथं मी दिसलो की ती वाकून नमस्कार करील आणि मी काहीतरी बोलेन, मला न बोलता राहवणार नाही. म्हणून त्या दिवसाची मी रजा टाकली आहे.